न दिसणारं दिव्यांगत्व: तालुक्याच्या कॉलेजात नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसाठी

जूनच्या अखेरीस इकडे पेरण्या उरकतात आणि कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू होते. त्याच सुमाराला दरवर्षी काही नवे सहकारी येतात. एखादा कायम, बाकीचे तासिका तत्त्वावर. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती वेळापत्रक, हजेरीपट आणि मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर (आपल्याकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदीचं) पडतं. पहिल्या दोन गोष्टी कशा वापरायच्या ते कुणीही सांगतं. तिसऱ्याचं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. ज्या मुलांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तेच रजिस्टर सगळ्यात कामाचं आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी चौदा वर्षं शिकवते आहे. सुरुवातीला चुकले, मग शिकले. जे शिकले ते क्रमाने सांगते.

कायद्याची तोंडओळख आधी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिलेत आणि त्यांतले बरेच वरवर दिसत नाहीत: विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचण्या-लिहिण्यातली खास अडचण, उदाहरणार्थ डिस्लेक्सिया), स्वमग्नता, मानसिक आजार, कमी ऐकू येणं, अल्पदृष्टी, आणि सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार. एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि स्थिर बसायला होणारी अडचण), मिरगी, लहानपणापासूनचा मधुमेह यांची स्वतंत्र नावं त्या यादीत नाहीत. पण यादीत नाव नाही म्हणून वर्गात मदत करायला कुणी आपला हात धरलेला नाही.

पहिली पायरी: निदान करू नका, नोंद करा

बी.ए. भाग एकला एक मुलगा होता. अर्थशास्त्राच्या तासाला कापसाच्या हमीभावावर बोलणं निघालं, तर खेडा खरेदीतला व्यापारी वजनात कुठे मारतो, ओलाव्याच्या नावाखाली भाव कसा पाडतो, हे त्याने उभं राहून असं सांगितलं की सगळा वर्ग ऐकत राहिला. आठ दिवसांनी त्याची वही माझ्या हातात आली. एकाच पानावर 'अर्थव्यवस्था' हा शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गायब, ओळी उतरंडीला लागलेल्या आणि खोडरबर घासून घासून कागदाला दोन ठिकाणी भोकं पडलेली. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तोंडी पुसा, सांगतो. लिवाले बसलो का अक्षरं सांडतेत."

ती भोकं मी आजही विसरले नाही. आळशी मुलाच्या वहीला भोकं पडत नाहीत.

तर पहिला महिना फक्त बघा आणि रजिस्टरात तारीख टाकून लिहा. बोलतो छान, पण लिहिताना अडखळतो. महिन्या-दोन महिन्यांनी चार-पाच दिवस गैरहजर असते, परत येते तेव्हा डोळे पिवळसर. पहिल्या बाकावर बसते, आपण फळ्याकडे वळून बोललो की तिला काही कळत नाही. बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद टक लावून बसतो आणि मग विचारतो, "काय म्हणाले सर?" तास दुसऱ्या खोलीत हलवला की एकाची घालमेल होते. असं जे दिसेल तेच लिहा. 'डिस्लेक्सिया वाटतो', 'डिप्रेशन असावं' असं लिहू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. रजिस्टर टेबलावर पडून असतं आणि दहा जणांच्या नजरेखालून जातं, हेही लक्षात ठेवा.

इथे एक फरक मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडे अनेक मुलांच्या घरात मराठी बोलली जात नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, भामरागडकडे माडिया, यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात गोंडी आणि कोलामी. आश्रमशाळेत शिकून आलेल्या अशा मुलाच्या मराठी लिखाणात चुका असतात, त्या दुसऱ्या भाषेतून येतात. त्याला अध्ययन अक्षमता म्हणणं हा अन्याय आहे. उलटही होतं: खरीच अक्षमता असलेल्या आदिवासी मुलाला 'भाषेमुळे असेल' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. मी दोन प्रश्न विचारते. त्याच घरातली, त्याच शाळेत शिकलेली भावंडं नीट लिहितात का? आणि वाचायला त्रास पहिली-दुसरीपासूनचा आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर तपासणीचा विचार करायला जागा आहे.

दुसरी पायरी: बोला, पण चारचौघांत नाही

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलीला मी भर वर्गात, अगदी मायेनेच, विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना आता? सिकलचा त्रास कमी आहे ना?" ती खाली बसली आणि पुढचे पंधरा दिवस कॉलेजात आली नाही. मग तिची आई आली. ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तिचं लगन व्हाचं हाय अजून, मॅडम. गावात नोका सांगू."

आपल्याकडे आजाराची बातमी सोयरिकीच्या घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मुलगी सिकलची आहे, मुलगा यवतमाळ-नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे जातो, असं एकदा गावभर झालं की त्याची किंमत ते घर मोजतं. म्हणून सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या घरी आपण परस्पर फोनही करायचा नाही. जिवाला धोका दिसत असेल तर तेवढा अपवाद.

बोलायला स्टाफरूम टाळा. ग्रंथालयाच्या मागचा व्हरांडा, एसटी स्टँडपर्यंतची चाल, अशी जागा बरी. 'तुला काय झालंय?' असं विचारू नका. 'कशात जास्त वेळ जातो?', 'कुठल्या तासाला सगळ्यात जड जातं?', 'शाळेत कुठल्या सर-मॅडमने काय केलं होतं, ज्याने बरं पडलं?' असे प्रश्न ठेवा. शेवटच्या प्रश्नातून मला बहुतेक वेळा पुढचा रस्ता मिळाला. काही मुलं पहिल्यांदा काहीच सांगत नाहीत. मी तेव्हा म्हणते, "बरं. दिवाळीनंतर परत विचारीन." आणि खरंच विचारते.

तिसरी पायरी: जे आज करता येतं ते आजच करा

प्रमाणपत्राची वाट बघू नका. वर्गातल्या सोयींना कुठलाही कागद लागत नाही. तासाच्या सुरुवातीला आजचे तीन मुद्दे फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. फळ्याचा फोटो काढू द्या. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका; वाचनाची अडचण असलेल्या मुलासाठी त्याएवढी शिक्षा नाही. अंतर्गत गुणांसाठी गृहपाठाऐवजी तोंडी परीक्षा किंवा सादरीकरण चालत असेल तर तो पर्याय सगळ्या वर्गाला द्या. सगळ्यांना दिला की कुणाकडे बोट दाखवलं जात नाही.

फोनचा उपयोग शिकवा. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आता साध्या अँड्रॉइड फोनवर आहे आणि छापील पान कॅमेऱ्यात धरून वाचून घेता येतं. वर सांगितलेल्या मुलाने पहिली पूर्ण टाचणं अशीच केली, बोलून. वर्गातल्या एका मैत्रिणीने त्याला धड्यांचं वाचन रेकॉर्ड करून दिलं. हे पायरसी नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अशा मुलांसाठी पुस्तक ऐकण्याजोगं करून देण्याची मुभा आहे. 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ पासून सुरू आहे. गावात रेंज नसते, म्हणून कॉलेजच्या वायफायवर उतरवून द्या.

सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर

बाहेरून आलेल्या सहकाऱ्यांना हा आजार पुस्तकात भेटलेला असतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट इथे तो वर्गात भेटतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत, त्यामुळे आपली सिकल माहीत असलेली मुलंही वाढली आहेत. मुलं 'एएस' आणि 'एसएस' असं बोलतात. एएस म्हणजे वाहक; त्याला सहसा त्रास नसतो आणि ते दिव्यांगत्व नाही. एसएस म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, पोट, छाती यांत कळा सुटतात. ती कळ बाहेरून दिसत नाही. 'काल तर ठीक होती' असं आपण म्हणतो. काल ती खरंच ठीक असते.

कळ कशाने येते? अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, अति श्रम, ताप. आता हे आपल्या कॉलेजवर ठेवून बघा. सकाळी सहाची एसटी पकडलेली मुलगी दुपारी तीनपर्यंत पाणी पीत नाही. का? कॉलेजात मुलींचं स्वच्छतागृह एकच, त्याला कडी नाही, नळाला पाणी नाही. आणि स्टँडवरचं वापरण्यासारखं नसतं. सात-आठ वर्षांपूर्वी एका मुलीने मला हे सांगितलं तोवर मी तिला दर वेळी 'पाणी पीत जा गं' एवढंच म्हणत होते. आम्ही ग्रंथालयाशेजारच्या स्वच्छतागृहाला कडी बसवून घेतली, ड्रम ठेवला आणि किल्ली ग्रंथपाल मॅडमकडे ठेवली. मागेल त्या मुलीला मिळते, कारण विचारत नाहीत. त्या वर्षी तिचे खाडे निम्म्यावर आले. औषध डॉक्टरांचंच होतं, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या ती आधीपासून घेत होती, पण कडी आमच्या हातातली होती.

उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते, पारा पंचेचाळीसच्या घरात. पाण्याची बाटली परीक्षा खोलीत आत नेऊ द्या, पंख्याखालची जागा द्या, मध्ये उठू द्या. हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) सात दिवसांचं शिबिर असतं. शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर झोपणं आणि पहाटेचं श्रमदान तिच्यासाठी नाही. तिला शिबिरातून वगळू नका, दुपारचं सर्वेक्षण किंवा अहवालाचं काम द्या. आणि एसएस असलेल्या मुलाला ताप आला, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर घरी पाठवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या.

चौथी पायरी: कागद, आणि तोही जुलैतच

नवे सहकारी इथेच उशीर करतात, कारण कागद आठवतो तो परीक्षा फॉर्मच्या वेळी. तोवर ऑक्टोबर उजाडतो, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, आईवडिलांना दिवस मोडता येत नाही आणि मूलही शेतातच असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच हालचाल करा.

अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते सगळे दवाखान्याचे कागद लागतात. अर्ज कॉलेजच्या संगणकावर बसून तुम्ही भरून द्या. मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याचाच टाका, दुकानदाराचा नको, नाहीतर पुढचे मेसेज त्यालाच जातात. मग तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय. दिव्यांग मंडळाचे वार ठरलेले असतात आणि प्रत्येक विभागाचे तज्ज्ञ रोज नसतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा. एका हेलपाट्याची किंमत म्हणजे दोन माणसांचं तिकीट आणि दोन दिवसांची मजुरी.

अध्ययन अक्षमतेची तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात होतेच असं नाही. वेळ पडली तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग गाठावा लागतो. जाताना शाळेच्या जुन्या वह्या, गुणपत्रिका, मिळालं तर शिक्षकांचं पत्र सोबत द्या. या प्रमाणपत्राची तपासणी आठ, चौदा आणि अठरा वर्षांच्या टप्प्यांवर होते आणि अठराव्या वर्षी मिळालेलं कायम चालतं. आपली मुलं नेमकी त्याच वयात आपल्याकडे येतात. सिकलसेलच्या मुलांनी भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे सगळे कागद जपून ठेवायचे, टक्केवारी ठरवताना ते लागतात.

प्रमाणपत्रात दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के किंवा जास्त आले तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के राखीव जागा, प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सवलत आणि महाडीबीटीवर शालांत परीक्षोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज. चाळीसपेक्षा कमी आले म्हणून दार बंद होत नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीसपेक्षा कमी टक्के असलेल्या, पण लिहायला त्रास होणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. परीक्षा विभागात कुणी 'चाळीस नाही, जमणार नाही' म्हणालं तर या दोन गोष्टींची प्रत पुढे ठेवा. वाद घालू नका, प्रत ठेवा आणि अर्जावर पोच घ्या.

कुणाला कागद नकोच असेल तर आग्रह धरू नका. फायदे सांगा, वेळ द्या. सिकलच्या त्या मुलीच्या आईने तिसऱ्या वर्षी स्वतःहून विचारलं.

पाचवी पायरी: परीक्षा

२०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार जादा वेळ ताशी किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक हवा असेल आणि मूल अंध, दोन्ही हातांनी अधू किंवा सेरेब्रल पाल्सीचं नसेल, तर लिहिता येत नाही असं जिल्हा शल्य चिकित्सक किंवा वैद्यकीय अधीक्षकाचं पत्र लागतं. विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, अशी अट २०१८ च्या सूचनांत होती. विद्यापीठाचा अर्जाचा नमुना आणि चालू परिपत्रक परीक्षा विभागातून आणा. गोंडवाना, अमरावती आणि नागपूर, तिन्ही विद्यापीठांची कामाची पद्धत वेगळी आहे.

मंजुरीचं पत्र आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एकदा आमचा मुलगा दुसऱ्या गावच्या केंद्रावर गेला तेव्हा पत्र केंद्रप्रमुखांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. लेखनिक बाहेर उभा, मूल आत, पहिली चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून मी पत्राच्या तीन प्रती काढते: एक केंद्रावर आधी नेऊन देते, एक लेखनिकाकडे, एक विद्यार्थ्याच्या हॉलतिकिटाला टाचलेली. लेखनिकासोबत दोन सराव पेपरही करून घ्या. उत्तर बोलून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते पेपरच्या दिवशी येत नाही.

आणि एसटी बघा. पेपर दोन ते पाच, जादा तास धरून सहा. त्या मुलाच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला. जादा वेळ मिळूनही तो दोन पेपर पाचलाच देऊन निघाला, आम्हाला कळलं निकालानंतर. आता वेळापत्रक लागलं की अशा प्रत्येक मुलाची परतीची गाडी मी लिहून ठेवते आणि अडचण असेल तिथे वसतिगृहात किंवा एखाद्या वर्गमित्राकडे रात्रीची सोय आधीच बोलून ठेवते.

मन आणि मिरगी

मनाच्या आजारात मुलं 'झोप येत नाही', 'डोकं जड आहे', 'करमत नाही' असं बोलतात. नापिकीच्या वर्षात हे जास्त ऐकू येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं; पहिला फोन तुमच्यासमोर लावून द्या. जगण्यात अर्थ नाही असं कुणी म्हणालं तर स्पष्ट विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने विचार वाढत नाही. मग त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवायला सांगा. आपल्या भागात ही गोष्ट पहिल्या तासाभरातच करायची असते.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, नाकाला कांदा किंवा चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. शुद्धीवर आल्यावर गर्दी हटवा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या जागी त्याला नेहमीसारखं बसू द्या.

तुम्ही निघून जाल तेव्हा

तासिका तत्त्वावरचे बरेच जण सत्र संपलं की जातात. पुढच्या जूनमध्ये त्याच मुलाला नव्या सर-मॅडमसमोर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ते सांगणं बंद करतं. यावर मी एक पान करते. त्यात आजाराचं नाव नसतं, फक्त काय उपयोगी पडलं ते: तोंडी परीक्षा, पहिला बाक, पाण्याची बाटली, जादा वेळेचं पत्र कुठल्या तारखेचं, परतीची गाडी किती वाजता. विद्यार्थी वाचतो, नको ते खोडतो, मग खाली सही करतो. एक प्रत त्याच्या परवानगीने पुढच्या मेंटॉरला. मूळ प्रत त्याच्याकडे, यूडीआयडी आणि गुणपत्रिकांसोबत, दहा रुपयांच्या प्लास्टिकच्या फोल्डरात. अक्षरं सांडणारा तो मुलगा बी.ए. होऊन बी.एड.च्या प्रवेशाला गेला तेव्हा तेच फोल्डर घेऊन गेला होता, आणि तिथल्या मॅडमना त्याने ते पान स्वतः वाचून दाखवलं.